अर्धी राहिलेली पदवी आणि बालशिक्षणाची वाट : कोणता अभ्यासक्रम निवडावा?



जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की कुरुळीत वेगवेगळ्या बोली कानावर पडतात. कोणी बीडहून आलेलं, कोणी परभणी-नांदेडकडून, कोणी बुलढाणा-यवतमाळहून, कोणी थेट बिहारमधून. चाकण एम.आय.डी.सी.त नवऱ्याला काम लागतं, कुरुळी, निघोजे, चिंबळी नाहीतर मोशीला खोली घेतली जाते आणि संसार इथे येतो. मुलाच्या प्रवेशाला आलेल्या आईशी बोलता बोलता कळतं की तिची बी.ए.ची दोन वर्षं झाली आहेत, तिसरं लग्नामुळे राहिलं. किंवा बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालं आणि मग बाळ झालं. मूल शाळेत बसायला लागलं की तिचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, मला लहान मुलांना शिकवायला आवडतं. कुठला कोर्स करू?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विचारला जात असेल. आणि आपण पटकन उत्तर देऊन टाकतो, "बी.एड. कर" किंवा "एखादा नर्सरीचा कोर्स कर." ही दोन्ही उत्तरं तिचे दोन वर्षं आणि बरेच पैसे वाया घालवू शकतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहीत आहे. ज्यांची पदवी अर्धी राहिली आहे, ज्यांना विद्यापीठ बदलावं लागणार आहे आणि ज्यांना तीन ते आठ वयाच्या मुलांसोबत काम करायचं आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

पदवी वेगळी, शिकवण्याची पात्रता वेगळी

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. बी.ए., बी.एस्सी. ही पदवी झाली. ती विद्यापीठ देतं. मुलांना शिकवण्याची पात्रता ही दुसरी गोष्ट. शाळेतल्या शिक्षकांसाठी ती एन.सी.टी.ई. म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. पदवी पूर्ण झाली म्हणून कोणी पहिलीच्या वर्गावर शिक्षक होत नाही आणि डी.एल.एड. झालं म्हणून कोणी पदवीधर होत नाही.

त्यात लहान मुलांचं वय दोन खात्यांत विभागलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा (२००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून) सहा ते चौदा वयाचा आहे. म्हणजे पहिलीपासून पुढे शालेय शिक्षण विभाग. तीन ते सहा वयाची मुलं अंगणवाडीत असतात आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे. उरलेली मुलं खासगी नर्सरीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा सलग 'पायाभूत स्तर' मानला. मुलाच्या वाढीच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे, कारण सहावा वाढदिवस झाला म्हणून मूल एका रात्रीत बदलत नाही. पण नोकरभरतीचे नियम अजून जुन्या दोन कप्प्यांतच आहेत. त्यामुळे कोर्स निवडण्याआधी स्वतःला विचारा, मला कुठल्या दारातून आत जायचं आहे? अंगणवाडी, पहिली ते पाचवीचा वर्ग की खासगी बालवाडी? तिन्ही दारांच्या किल्ल्या वेगळ्या आहेत.

पहिली ते पाचवी

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टी.ई.टी.चा पेपर एक. इथे पदवीची अट नाही, बारावीवर प्रवेश मिळतो.

आणि बी.एड.? इथे नीट लक्ष द्या. २८ जून २०१८ च्या एन.सी.टी.ई. अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही प्राथमिकसाठी पात्र ठरवलं होतं, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर. त्या काळात खूप जणींनी 'लहान मुलांना शिकवता येईल' म्हणून बी.एड. केलं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. प्राथमिक स्तरावर मूल कसं शिकतं याचं खास प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये असतं, बी.एड. हे वरच्या वर्गांसाठी आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मला स्वतःला हा निकाल पटतो. पण आजही कोणी "आधी बी.ए. कर, मग बी.एड. कर, मग पहिलीला शिकव" असा सल्ला देत असेल तर तो चार-पाच वर्षांचा रस्ता चुकीच्या दारापाशी नेतो, हे त्या ताईंना आधीच सांगा.

दुसरी निराशेची गोष्टही आधीच सांगितलेली बरी. बी.ए.ची दोन वर्षं झाली म्हणून डी.एल.एड.चं एक वर्ष माफ होत नाही. तिथे सगळे पहिल्या वर्षापासूनच सुरू करतात.

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (आय.टी.ई.पी.) २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत सुरू झाला आहे. त्यात पायाभूत स्तर हा स्वतंत्र प्रवाह आहे आणि पदवी व शिक्षक-पात्रता एकत्र मिळते. बारावी नुकतीच झालेल्या मुलीला मी हा पर्याय आवर्जून बघायला सांगेन. पण त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा आहे, चार वर्षं पूर्ण वेळ कॉलेज आहे. घरी लहान मूल आणि नवऱ्याची शिफ्ट ड्युटी सांभाळणाऱ्या बाईला तो बहुधा जमणारा नाही.

अंगणवाडी

अंगणवाडी सेविकेसाठी महाराष्ट्रात २०२३ पासून किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे. निवड करताना बारावीच्या गुणांबरोबर पदवी, डी.एड., बी.एड., संगणक परीक्षा यांचेही गुण धरले जातात. म्हणजे पदवी पूर्ण केल्याचा इथे थेट फायदा आहे. मात्र उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते. कुरुळीत भाड्याने राहणाऱ्या आणि सगळे कागद अजून सासरच्या पत्त्यावर असणाऱ्या बाईची अडचण होते ती इथेच. रेशनकार्ड, आधार, मतदार यादी हे वेळेत इकडे आणा. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं, हेही स्पष्ट सांगा. पुढे मुख्यसेविका (पर्यवेक्षिका) व्हायचं तर पदवी लागते. अंगणवाडीचं काम ज्यांना मनापासून करायचं आहे त्यांनी म्हणूनच पदवी अर्धी सोडू नये.

खासगी बालवाडी

आपल्या पट्ट्यात प्रत्येक सोसायटीखाली एक नर्सरी आहे. तिथे शिकवायला काय लागतं? खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत दोन वाक्यं बोलता आली की पुरतं. याच परिस्थितीवर सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सरी टीचर', 'मॉन्टेसरी' असे कोर्स चालतात. काही चांगले आहेत, मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण जाहिरातीत 'सरकारमान्य' लिहिलंय म्हणजे काय, हे विचारायलाच हवं. संस्थेची नोंदणी होणं वेगळं, त्या अभ्यासक्रमाला एन.सी.टी.ई. किंवा विद्यापीठाची मान्यता असणं वेगळं. नोंदणीचं प्रमाणपत्र कोणत्याही मंडळाला मिळतं. एन.सी.टी.ई.च्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम (डी.पी.एस.ई.) आहे. सहा महिन्यांचा खासगी कोर्स म्हणजे तो नव्हे.

झालेली वर्षं आधी वाचवा

आता मुख्य मुद्दा. माझं ठाम मत आहे की ज्यांची पदवीची एक-दोन वर्षं झाली आहेत त्यांनी नवा कोर्स शोधण्याआधी जुनी वर्षं वाचतात का ते बघावं. बहुतेक जणींना वाटतं, 'विद्यापीठ बदललं म्हणजे सगळं पहिल्यापासून.' तसं नाही.

तुमची पदवी केव्हा सुरू झाली यावर रस्ता ठरतो. २०२१-२२ किंवा त्यानंतर मिळवलेले श्रेयांक असतील तर 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' उपयोगी पडते. यू.जी.सी.ने जुलै २०२१ मध्ये तिचे नियम काढले. आपण बँकेत पैसे ठेवतो तसे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. आणि जी संस्था पदवी देणार तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी साधारण १२० ते १३२ श्रेयांकांची असते. त्यातली दोन वर्षं नांदेडच्या विद्यापीठात आणि शेवटचं एकच वर्ष पुण्याला करून पुण्याची पदवी मागितली, तर हा निम्म्याचा नियम आड येतो. एक वर्ष तिकडे आणि दोन इकडे झाली तर हिशोब बसतो. ज्यांची दोन वर्षं झाली आहेत त्यांना म्हणूनच माझा सल्ला असतो, शक्य असेल तर तिसरं वर्ष मूळ विद्यापीठातूनच पूर्ण करा. माहेरच्या कॉलेजात जाऊन विचारा, फक्त परीक्षेला येऊन चालेल का, हजेरीचं काय. एका वर्षाच्या दोन परीक्षांसाठी चाकणहून नांदेडची बस पकडणं हे नव्याने तीन वर्षं करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

श्रेयांक पद्धतीच्या आधीचा, जुना अभ्यासक्रम असेल तर बँक उपयोगाची नाही. तिथे समकक्षता बघितली जाते. तुमचे उत्तीर्ण विषय नव्या विद्यापीठाच्या विषयांशी जुळतात का हे तपासून कोणत्या वर्षाला प्रवेश द्यायचा ते ठरतं. यासाठी गुणपत्रकं पुरत नाहीत, जुना छापील अभ्यासक्रमही लागतो. तो जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो.

नव्या रचनेतली आणखी एक सोय फारशी कोणाला माहीत नाही. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळू शकते. त्यासाठी ठरलेले श्रेयांक आणि त्यावर चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे लागू आहे. म्हणजे जी मुलगी आज लग्नामुळे कॉलेज सोडते आहे, तिने नुसतं यायचं बंद करू नये, रीतसर बाहेर पडावं. पुढे परत यायचं असेल तेव्हा याचा मोठा उपयोग होतो. पालकहो, मुलीचं लग्न ठरवताना हा एक अर्ज भरून घ्या एवढं तरी करा.

दूरस्थ पद्धतीने करायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आहे, मराठीतून शिकता येतं आणि अभ्यासकेंद्रं गावोगाव आहेत. इग्नू आहे. पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला आहे. प्रवेशाआधी एकच प्रश्न लेखी विचारा : "माझी झालेली वर्षं तुम्ही धरणार का, आणि कोणत्या वर्षाला प्रवेश देणार?" तोंडी 'हो, होऊन जाईल' यावर फी भरू नका.

पदवीत विषय कोणता घ्यावा?

बालशिक्षणाला सर्वात जवळची पदवी म्हणजे गृहविज्ञानातली मानव विकास ही शाखा. पुण्यात कर्वे रस्त्यावर एस.एन.डी.टी.चं गृहविज्ञान महाविद्यालय आहे. मात्र कुरुळीहून रोज कर्वे रस्त्याला जायचं म्हणजे नाशिक फाट्याच्या गर्दीतून जाऊन येऊन दिवसच संपला. आणि बी.ए. इतिहासातून तिकडे बदली मागितली तर जुने श्रेयांक फारसे जुळणार नाहीत.

म्हणून व्यवहार्य रस्ता असा. मुख्य विषय आहे तोच ठेवा, कारण मुख्य विषय बदलला की जुळणी मोडते. दुय्यम विषय किंवा ओपन इलेक्टिव्हमध्ये मानसशास्त्र, मराठी, समाजशास्त्र यांतलं काही मिळतं का बघा. मराठी मला विशेष वाटते. आपल्या भागातल्या बालवर्गात एका रांगेत वऱ्हाडी, गोरमाटी, अहिराणी आणि भोजपुरी बोलणारी मुलं बसतात. "पाणी" या एका शब्दासाठी मूल काय म्हणतं ते आधी समजलं तर पुढचं शिकवता येतं. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामधली वाट ज्या बाईला दाखवता येते, ती इथे सोन्यासारखी आहे.

आणि बालशिक्षणाचं प्रत्यक्ष ज्ञान पदवीसोबत किंवा नंतर वेगळ्या पदविकेतून घ्या. उदाहरणार्थ, इग्नूची बाल्यावस्था संगोपन व शिक्षणाची पदविका बारावीवर होते. मुलांचं आरोग्य आणि आहार, विशेष गरजा असलेली मुलं, बालकेंद्र कसं चालवायचं आणि प्रत्यक्ष प्रकल्प असे तिचे भाग आहेत. पण तिच्यामुळे पहिलीच्या वर्गाची पात्रता येत नाही, हे ध्यानात ठेवा. एप्रिल २०२२ पासून यू.जी.सी.ने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, त्यातला एक दूरस्थ असला तर वेळेचा प्रश्न येत नाही. तरी दोन्ही विद्यापीठांचे नियम आधी वाचा. आणि घर, नोकरी सांभाळून दोन्ही एकदम झेपतील का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

कोर्स चांगला की वाईट हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. विचारा, 'किती दिवस खऱ्या मुलांसोबत काढायचे आहेत आणि त्या वेळी आमचं निरीक्षण कोण करणार?' ज्या कोर्समध्ये चार्ट, थर्माकोलची फुलं आणि फाइल सजवणं एवढंच असतं, तिथून शिकून आलेली बाई तीन वर्षांच्या मुलाच्या हातात रेघी वही देते. मग ती मुलं पहिलीत येतात तेव्हा 'अ' ते 'ज्ञ' पाठ असतं, पण गोष्ट सांग म्हटलं की गप्प. पेन्सिल इतकी घट्ट धरतात की कागद फाटतो. मणी ओवणं, माती मळणं, कागद फाडून चिकटवणं हे ज्या वयात व्हायला हवं होतं, त्या वयात त्यांनी ओळी भरलेल्या असतात. चुकीच्या कोर्सची किंमत शिकणाऱ्या बाईच्या फीपुरती राहत नाही ती अशी.

अनुताईंचा रस्ता

'आता या वयात कसली पदवी' असं म्हणणाऱ्यांना मी अनुताई वाघांबद्दल सांगते. त्या आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, जन्म १९१० चा. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य. आधी प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी केली, नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. देशभर २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' घरोघर माहीत झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि बी.ए. त्या १९६१ मध्ये झाल्या, पन्नाशी ओलांडल्यावर! म्हणजे मुलांचं काम आधी आणि पदवी नंतर, असंही होऊ शकतं. क्रम महत्त्वाचा नाही, दोन्ही धरून ठेवणं महत्त्वाचं.

मग नेमकं काय सांगायचं?

समजा, तुमच्याकडे एखादी आई आली. वय सत्तावीस, बी.ए.ची दोन वर्षं मराठवाड्यात झालेली, मुलगा पहिलीत. तिला पहिली ते पाचवीलाच शिकवायचं असेल आणि दोन वर्षं रोज कॉलेजला जाणं घरात मान्य असेल, तर डी.एल.एड. करावं. बी.ए.चं राहिलेलं वर्ष त्यानंतर पूर्ण करता येतं, पण श्रेयांकांची सात वर्षांची मुदत मोजून. धोरणात २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. करण्याचं म्हटलं आहे, त्यामुळे डी.एल.एड. करायचं तर उशीर करू नये. आणि भरती कधी निघेल याची हमी कोणी देत नाही हेही सांगावं.

तिला अंगणवाडी किंवा बालवाडीत काम करायचं असेल, तर मूळ विद्यापीठातून बी.ए.चं तिसरं वर्ष, सोबत किंवा पाठोपाठ बालशिक्षणाची पदविका, आणि आजपासून रोज दोन तास एखाद्या अंगणवाडीत किंवा चांगल्या बालवाडीत मदत. हा रस्ता घराजवळचा आहे, स्वस्त आहे आणि मधे थांबावं लागलं तरी हातात काहीतरी राहतं. घरातल्यांना हे पटवायला तुमचा शब्द उपयोगी पडतो. एका आईच्या नवऱ्याला आणि सासूला शाळेत बोलावून मी कागदावर दोन्ही रस्त्यांची वर्षं आणि खर्च मांडून दाखवला होता. तिच्या सासूबाईंनीच विचारलं, "मग एकच वर्ष राहिलंय तर इतके दिवस का थांबलीस?"

कागदांचं मात्र आधीच बघा. जुनी गुणपत्रकं (नापास झालेल्या विषयांचीही), पी.आर.एन. क्रमांक, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलायचं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र, मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला. स्थलांतर प्रमाणपत्र एकदा काढलं की मूळ विद्यापीठातलं नाव कमी होतं, म्हणून नवीन प्रवेश नक्की झाल्याशिवाय ते काढू नका. यातले बरेच कागद जुन्या कॉलेजच्या खिडकीवरच मिळतात आणि दिवाळीत ती खिडकी बंद असते. गावी जायचं तर सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी निघा.